पंपाची पायपिंग आणि गेज: पायापासून पहिल्या रीडिंगपर्यंत

नवीन पंपाचं मेकॅनिकल सील वरचेवर जायला लागलं, बेअरिंग गरम व्हायला लागली किंवा पाणी कमी पडायला लागलं, की सगळे पंपाकडे बोट दाखवतात. पंप उघडला जातो, सील बदललं जातं, आणि थोड्या दिवसांत तीच तक्रार परत येते. अशा तक्रारींचं मूळ बऱ्याचदा पंपात नसतंच. ते पंपाला जोडलेल्या पाइपात असतं: एकतर सक्शनला, म्हणजे पाणी आत येण्याच्या बाजूला, पाणी नीट पोचत नाही, नाहीतर पाइपाचं वजन आणि ताण पंपाच्या फ्लँजवर (पाइप बोल्टने जोडायच्या कडीवर) येतो. या दोन्ही गोष्टी उभारणीच्या वेळी तपासता येतात, आणि पाण्याच्या बाजूचं काम नीट झालंय की नाही हे पुढे रोज सांगायला दोन गेज पुरतात. पण ती योग्य जागी, योग्य रेंजची आणि दोन्ही बाजूंना हवीत.

उदाहरण एकच धरून चालू, म्हणजे आकडे हवेत राहणार नाहीत. पुण्याजवळच्या एखाद्या कारखान्यात कूलिंगच्या पाण्याचा एंड सक्शन सेंट्रिफ्यूगल पंप बसवायचा आहे. ताशी ५० घनमीटर पाणी, एकूण हेड (पंपाने पाण्याला द्यायचा दाब, पाण्याच्या उंचीत मोजलेला) ४० मीटर. पंपाचं सक्शन नोझल ८० मिमी, डिलिव्हरी, म्हणजे पाणी बाहेर जाण्याची बाजू, ६५ मिमी. पाणी जमिनीखालच्या टाकीतून उचलायचंय आणि टाकीतली सर्वांत खालची पातळी पंपाच्या मध्यरेषेपासून ३ मीटर खाली आहे.

पाइप कापण्याआधीचा हिशोब

नोझल ८० मिमीचं आहे म्हणून सक्शन पाइपही ८० मिमीचा घ्यायचा, ही सर्रास होणारी चूक आहे. नोझलचा आकार पंप बनवणाऱ्याने पंपासाठी ठरवलेला असतो, तुमच्या लाइनसाठी नाही. सक्शनमध्ये पाण्याचा वेग सेकंदाला १ ते १.५ मीटरच्या आसपास ठेवायचा, डिलिव्हरीत २ ते ३ मीटर चालतो. आपले ५० घनमीटर ८० एनबीच्या (एनबी म्हणजे पाइपाचा नाममात्र व्यास, मिमीत) शेड्यूल ४० पाइपातून (शेड्यूल म्हणजे भिंतीची जाडी) जाताना सेकंदाला २.९ मीटर वेग घेतात, १०० एनबीतून १.७ आणि १२५ एनबीतून १.१. म्हणून सक्शन १२५, डिलिव्हरी ८०.

आता एनपीएसएच, म्हणजे पाण्याची वाफ होऊ नये म्हणून पंपाच्या सक्शनला हाताशी उरणारा दाब. पंप पाणी ओढत नाही. टाकीतल्या पाण्यावरचा हवेचा दाब पाणी पंपाकडे ढकलतो. समुद्रसपाटीला हा दाब १०.३ मीटर पाण्याइतका असतो, पुण्याच्या उंचीवर साधारण ९.६५ मीटर, महाबळेश्वरला ९ मीटरच्याही खाली. समुद्रसपाटीजवळच्या तळोज्यात बिनतक्रार चालणारी मांडणी घाटावर जशीच्या तशी उतरवली की अडते, त्याचं हे एक कारण. या ९.६५ मधून ३० अंश पाण्याचा बाष्पदाब ०.४३ मीटर, उचल ३ मीटर आणि फूट व्हॉल्व्ह (सक्शन पाइपाच्या खालच्या टोकाचा, पाणी परत न जाऊ देणारा व्हॉल्व्ह), बेंड, पाइप यांतलं घर्षण समजा ०.५ मीटर वजा केलं, तर उरतात ५.७ मीटर. पंपाच्या कर्व्हवर याच फ्लोला ३.५ मीटर लागतात असं लिहिलेलं असेल तर आपण सुखात आहोत.

तीच लाइन ८० एनबीने टाकली तर वेग जवळपास २.७ पट आणि घर्षण वेगाच्या वर्गाने, म्हणजे सातपटीहून जास्त वाढतं. ०.५ चे ३.६ मीटर होतात आणि हातात उरतात २.६. पंपाला हवेत ३.५. हा पंप पहिल्या दिवसापासून गिट्टी चघळल्यासारखा आवाज करणार आणि त्याचा इम्पेलर (आतलं फिरतं चाक) कॅव्हिटेशनने, म्हणजे वाफेचे बुडबुडे होऊन फुटल्याने, खाल्ला जाणार. पाण्याचं तापमानही विसरू नका: ६० अंशांना बाष्पदाब २ मीटर होतो, ८० अंशांना ४.८. गरम कंडेन्सेटच्या पंपाला टाकी वर आणि पंप खाली ठेवतात ते यासाठी.

आधी पाया

बेसप्लेट लेव्हलला घेऊन, फाउंडेशन बोल्ट भरून, नॉन-श्रिंक ग्राउट (सुकताना न आकसणारा भराव) ओतून तो पूर्ण पक्का झाल्याशिवाय पाइप पंपाला जोडू नका. ग्राउटिंग झाल्यावर कपलिंगचं अलाइनमेंट (पंप आणि मोटरचे शाफ्ट एका रेषेत आहेत का ते) एकदा घ्या आणि आकडे लिहून ठेवा. पुढे ते लागणार आहेत. नोझलवर कंपनीने लावलेली झाकणं शेवटच्या क्षणापर्यंत काढायची नाहीत. उघड्या नोझलमध्ये वेल्डिंग रॉडचे तुकडे, चिंध्या, कधी आख्खा नट पडतो आणि पहिल्या स्टार्टला इम्पेलरमध्ये जातो.

वेल्डरला एक गोष्ट कामाआधीच सांगा: अर्थिंगचा क्लॅम्प ज्या पाइपावर वेल्डिंग चालू आहे त्याच पाइपावर, जॉइंटच्या जवळ लावायचा. पंपाच्या बॉडीला किंवा बेसप्लेटला लावला तर करंट बेअरिंगमधून वाट काढतो आणि बॉलच्या मार्गावर बारीक जळके खड्डे पाडतो. ते बाहेरून दिसत नाहीत. महिन्या-दोन महिन्यांनी बेअरिंग ओरडायला लागतं आणि दोष ग्रीसवर जातो.

सक्शन लाइन

इथे घाई करायची नाही. या लाइनमध्ये पाणी अखंड, शांत आणि हवेशिवाय यायला हवं, बाकी सगळे नियम यातूनच निघतात.

फूट व्हॉल्व्ह टाकीच्या तळापासून किमान पाइपाच्या व्यासाइतका वर ठेवा, म्हणजे गाळ येणार नाही. वरून, सर्वांत कमी पातळीलाही, निदान अर्धा मीटर पाणी राहिलं पाहिजे. नाहीतर भोवरा होऊन हवा आत खेचली जाते. टाकीत पडणारी रिटर्न लाइन फूट व्हॉल्व्हजवळ सोडू नका. वरून धो-धो पडणारं पाणी बुडबुडे घेऊन खाली जातं आणि ते बुडबुडे सरळ सक्शनमध्ये शिरतात. रिटर्न लांबच्या कोपऱ्यात, पाण्याच्या पातळीखाली सोडा; जागा नसेल तर मध्ये आडोशाची भिंत घाला.

टाकीतून वर आल्यावर आडवा पाइप पंपाकडे चढता हवा, मीटरला १० ते २० मिमी. कुठेही उंचवटा नको. दोन सपोर्टच्या मध्ये पाइप झुकला आणि पुढे परत चढला, तर त्या उंच जागी हवेचा कप्पा साठतो. कधी तो तिथेच राहून वाट अरुंद करतो, कधी एकदम सुटून पंपात जातो आणि पंपाचं प्राइमिंग, म्हणजे आत भरून ठेवलेलं पाणी, तुटतं. डोळ्याच्या अंदाजाने हे कळत नाही. पाण्याने भरलेली लेव्हल ट्यूब घ्या, बेंडपासून पंपापर्यंत तीन-चार ठिकाणी उंची मोजा आणि खडूने पाइपावर लिहा.

१२५ वरून ८० वर येताना रिड्यूसर (मोठ्या पाइपावरून लहानावर आणणारा तुकडा) एक्सेंट्रिकच, म्हणजे एक बाजू सरळ असलेलाच हवा आणि त्याची सपाट बाजू वर. साधा कॉन्सेंट्रिक रिड्यूसर लावला तर मोठ्या पाइपाच्या माथ्यावर सुमारे अडीच सेंटिमीटरचा कोपरा राहतो आणि पाणी कितीही भरलं तरी तिथली हवा निघत नाही. फिटरने घाईत सपाट बाजू खाली केलेली तर मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. वेल्ड होण्याआधी तिथे स्वतः उभं राहणं हाच उपाय.

पंपाच्या तोंडाशीच बेंड नको. बेंडमधून वळताना पाणी बाहेरच्या बाजूला जास्त वेगाने धावतं आणि इम्पेलरच्या डोळ्यात एका बाजूने जास्त भरतं. शेवटच्या बेंडनंतर व्यासाच्या किमान पाचपट, जागा असेल तर दहापट सरळ पाइप द्या, आणि बेंड लाँग रेडियसचा घ्या.

टाकी वर असून पाणी आपोआप येत असेल तर सक्शनला आयसोलेशन व्हॉल्व्ह लागतो. गेट व्हॉल्व्ह असेल तर त्याचा स्पिंडल आडवा ठेवा, म्हणजे बॉनेटमध्ये (व्हॉल्व्हच्या वरच्या झाकणात) हवा साठणार नाही. फूट व्हॉल्व्हच्या मांडणीत सक्शन व्हॉल्व्हची गरज नसते. प्रत्येक जादा जॉइंट म्हणजे हवा शिरायची एक जादा जागा. नव्या लाइनला सुरुवातीला शंकूच्या आकाराचा तात्पुरता स्ट्रेनर लावा. त्याच्या छिद्रांचं एकूण क्षेत्रफळ पाइपाच्या क्षेत्रफळाच्या तिप्पट तरी असावं.

डिलिव्हरी लाइन

नोझल ६५, मग कॉन्सेंट्रिक रिड्यूसरने ८०, मग गेजचं टॅपिंग, मग एनआरव्ही (पाणी उलट न येऊ देणारा व्हॉल्व्ह), मग आयसोलेशन व्हॉल्व्ह. एनआरव्ही पंप आणि व्हॉल्व्ह यांच्या मध्येच हवा, म्हणजे व्हॉल्व्ह बंद करून एनआरव्ही उघडता येतो. पंप कमी फ्लोवर चालण्याची शक्यता असेल तर मिनिमम फ्लो बायपास एनआरव्हीच्या आधीच काढून टाकीत न्या. गिअर पंप, स्क्रू पंप यांसारखे पॉझिटिव्ह डिस्प्लेसमेंट पंप असतील तर व्हॉल्व्हच्या आधी रिलीफ व्हॉल्व्ह सक्तीचा समजा. तिथे डिलिव्हरी बंद राहिली तर दाब काहीतरी फुटेपर्यंत वाढत जातो.

८० एनबीचा पाइप पाण्यासकट मीटरला सुमारे १६ किलो भरतो. चार मीटर उभा पाइप, एनआरव्ही, व्हॉल्व्ह हे सगळं मिळून १०० किलोच्या आसपास जातं. हे वजन पंपाच्या नोझलवर येता कामा नये. व्हॉल्व्हच्या जवळ स्वतंत्र सपोर्ट द्या आणि तो जमिनीत किंवा स्ट्रक्चरमध्ये पक्का करा.

रबर बेलो (लवचीक रबरी जोड) लावला म्हणजे ताणाचा प्रश्न मिटला असं समजणारे पुष्कळ आहेत. बेलो दाबाखाली लांब व्हायला बघतो. त्याचा प्रभावी व्यास १०० मिमी धरला तर ७८ चौरस सेंटिमीटरवर साडेतीन किलो प्रेशर (किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला किलो), म्हणजे पावणेतीनशे किलोचा रेटा. टाय रॉड (बेलोला ताणू न देणारे दांडे) नसतील तर हा सगळा रेटा एका बाजूला पंपावर आणि दुसऱ्या बाजूला पाइपावर येतो. बेलो लावायचाच तर टाय रॉडसकट लावा, आणि वाकडी लाइन जुळवायला तो कधीही वापरू नका.

शेवटचा तुकडा आणि डायल गेज

पाइप पंपाकडे यायचा थांबतो तिथे एक छोटा स्पूल (फ्लँजसकट पाइपाचा तुकडा) शेवटी मोजून बनवा. पाइपाचा फ्लँज पंपाच्या फ्लँजसमोर आला की मध्ये फक्त गॅस्केटइतकी फट हवी, चारही बाजूंना सारखी. फीलर गेजने बघा. मग बोल्ट हातात धरून भोकात सोडा: तो स्वतःच्या वजनाने आरपार गेला पाहिजे. हातोडी मारावी लागली, पहार घालून पाइप ढकलावा लागला किंवा चेन ब्लॉकने ओढावा लागला, तर तो स्पूल कापून परत करा. हे सांगताना साइटवर वाद होतो, कारण शिफ्ट संपत आलेली असते. पण ओढून लावलेला पाइप तो ताण सोडत नाही, रोज चोवीस तास पंपावर ठेवतो.

पंपाचा फ्लँज कास्ट आयर्नचा आणि सपाट तोंडाचा असेल तर समोर रेझ्ड फेसचा (तोंडाचा मधला भाग वर आलेला) स्टील फ्लँज लावू नका. बोल्ट आवळताना कास्ट आयर्नचा कान वाकायला जातो आणि तडकतो. दोन्ही सपाट तोंडाचे आणि पूर्ण तोंडाचं गॅस्केट.

आता खरी परीक्षा. मोटर लॉक करून कपलिंगवर मॅग्नेटिक बेसचे दोन डायल गेज लावा, एक उभा, एक आडवा, दोन्ही शून्यावर. मग फ्लँजचे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, आधी हलके, मग मध्यम, मग पूर्ण आवळा आणि काटा बघत राहा. काटा ०.०५ मिमीपेक्षा, म्हणजे ०.०१ च्या डायलवर पाच घरांपेक्षा जास्त हलला तर पाइप पंपाला ओढतोय. सक्शन आणि डिलिव्हरी दोन्ही वेगवेगळी अशीच तपासा. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि माझ्या मते सगळ्या उभारणीत याहून मोलाचा अर्धा तास नाही.

गेज कुठे, कोणतं, कसं

दोन्ही गेजची टॅपिंग पंप आणि पहिला व्हॉल्व्ह यांच्या मध्ये हवीत, नोझलपासून व्यासाच्या दुपटीइतक्या अंतरावर आणि सरळ भागात. डिलिव्हरीचं गेज एनआरव्हीच्या पुढे लावलं तर पंप बंद असतानाही ते हेडरचा दाब दाखवत बसतं आणि पंपाबद्दल काहीच सांगत नाही. आडव्या पाइपावर टॅपिंग बाजूला काढा, घड्याळात तीन वाजतात त्या जागी. खाली काढलं तर गाळ भरतो, वर काढलं तर हवा अडकते. पाइपाला अर्ध्या इंचाचं सॉकेट वेल्ड करून भोक पाडलं की आतल्या कडेची बर घासून काढा. आत वर आलेली कड पाण्याला अडवते आणि रीडिंग खोटं येतं. हे काम अर्थातच स्पूल पंपाला जोडण्याआधी.

रेंज निवडताना नेहमीचा दाब स्केलच्या मधल्या भागात यायला हवा. स्थिर दाब असला तरी स्केलच्या ७५ टक्क्यांच्या वर जाऊ नये. आपल्या पंपाला डिलिव्हरीवर साडेतीन किलोच्या आसपास दाब येणार, व्हॉल्व्ह बंद असताना समजा साडेचार. म्हणून ० ते ७ किलोचं गेज. स्टोअरमध्ये ० ते २५ चं पडलंय म्हणून ते लावू नका. १.६ क्लासच्या गेजची चूक पूर्ण स्केलच्या १.६ टक्के धरली जाते: ७ किलोच्या गेजवर ती ०.११ किलो, म्हणजे एक मीटरच्या आसपास हेड, आणि २५ किलोच्या गेजवर ०.४ किलो, म्हणजे चार मीटर. चाळीस मीटरच्या पंपात चार मीटरची शंका असेल तर त्या गेजकडे बघून निर्णय घेता येत नाही.

सक्शनला कंपाउंड गेज हवं, ७६० मिमी पाऱ्याच्या व्हॅक्यूमपासून २ किलो दाबापर्यंतचं. साधं प्रेशर गेज इथे शून्याच्या खिळ्यावर टेकून राहतं. दोन्हीला १०० मिमी डायल घ्या, चार पावलांवरूनही वाचता आला पाहिजे. कंपन असेल तर ग्लिसरीन भरलेलं घ्या.

सॉकेटनंतर निपल, मग नीडल व्हॉल्व्ह, डिलिव्हरीवर काटा थरथरत असेल तर स्नबर (दाबाचे धक्के मऊ करणारा तुकडा), मग गेज, असा क्रम. पाणी ६० अंशांच्या वर किंवा वाफ असेल तर व्हॉल्व्हच्या आधी सायफन ट्यूब (गेजला गरमपणापासून वाचवणारी वळणदार नळी). गेज बसवायच्या आधी त्याचा शून्य बघा. आट्यांची जोडी तपासा: अर्ध्या इंचाच्या बीएसपी आणि एनपीटी या आट्यांच्या दोन्ही प्रकारांत इंचाला १४ आटे असतात, त्यामुळे एकात दुसरं दोन-तीन फेरे सहज जातं आणि मग अडतं. एकाचा कोन ५५ अंशांचा, दुसऱ्याचा ६०, त्यामुळे टेफ्लॉन कितीही गुंडाळला तरी गळणारच. समांतर आट्याचं गेज असेल तर ते आट्यांवर नाही, तळाच्या वॉशरवर सील होतं. टेफ्लॉन टेप आट्याच्या दिशेने गुंडाळा, पहिला आटा मोकळा सोडा. आणि गेज कधीही डबी धरून फिरवू नका. पाना खालच्या चौकोनावर लावायचा. डबी पिळली की आतली काटा हलवणारी बोरडॉन ट्यूब सरकते आणि शून्य हलतो. ग्लिसरीनच्या गेजवर वर छोटा रबरी प्लग असतो, तो बसवल्यावर सूचनेप्रमाणे उघडा किंवा टोक कापा.

सक्शनच्या गेजबाबत एक सावधगिरी: इथे आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी आहे, त्यामुळे ढिल्या निपलमधून पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. गळती दिसतच नाही. शंका असेल तर पंप चालू असताना एकेका जॉइंटवर साबणाचा फेस लावा. जिथे फेस आत ओढला जातो तिथे गळती आहे.

टेस्ट आणि स्टार्ट

हायड्रोटेस्टच्या वेळी पंप वेगळा करा आणि गेज काढून प्लग लावा. ५ किलो डिझाइनच्या लाइनला दीडपट म्हणजे साडेसात किलो दाब देणार, आणि आपलं गेज सातचं आहे. सक्शन लाइनही फूट व्हॉल्व्हच्या जागी ब्लाइंड लावून दोन किलोने तपासा. मग दोन्ही लाइन फ्लश करा, पाणी स्वच्छ येईपर्यंत.

मोटरची दिशा कपलिंग सुटं ठेवून झटक्याने तपासा. कपलिंग आणि गार्ड लावा. सक्शन पूर्ण भरा, व्हेंट उघडून अखंड पाणी येईपर्यंत हवा काढा. सक्शन व्हॉल्व्ह असेल तर पूर्ण उघडा, डिलिव्हरी जवळपास बंद ठेवा, स्टार्ट करा. गेजचे नीडल व्हॉल्व्ह आता हळूहळू उघडा. दाब उभा राहिला की डिलिव्हरी व्हॉल्व्ह सावकाश उघडत मोटरच्या अँपिअरवर लक्ष ठेवा. बंद व्हॉल्व्हवर पंप मिनिटभराहून जास्त ठेवू नका, आतलं पाणी तापतं. आणि फ्लो कमी करायचा असेल तर डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह थोडा बंद करा, सक्शनचा कधीच नाही.

दोन काटे काय सांगतात

पूर्ण फ्लोवर आपल्या पंपाचं रीडिंग समजा असं आलं: डिलिव्हरी ३.५ किलो, सक्शन २६० मिमी पारा व्हॅक्यूम. फक्त डिलिव्हरी बघणारा म्हणेल, ३५ मीटरच आहे, पंप पाच मीटर कमी देतोय, कंपनीला पत्र लिहा. पण २६० मिमी पारा म्हणजे ३.५ मीटर पाणी, तेही पंपानेच उचललंय. दोन गेजमधलं उंचीचं अंतर ०.६ मीटर, आणि दोन पाइपांतल्या वेगाच्या हेडचा फरक सुमारे ०.४ मीटर. बेरीज ३९.५. पंप पूर्ण हेड देतोय.

पुढे व्हॅक्यूम २६० वरून ३५० वर चढला आणि डिलिव्हरी थोडी उतरली, तर स्ट्रेनर किंवा फूट व्हॉल्व्ह चोंदतोय, किंवा टाकीची पातळी खाली गेलीय. दोन्ही काटे एकत्र नाचत असतील तर हवा येतेय. व्हॅक्यूम कमी झाला आणि डिलिव्हरीचा दाब वाढला तर पुढे कुठेतरी लाइन अडलीय, फ्लो कमी झालाय. आणि दोन्ही कमी झाले असतील तर वेअर रिंग (इम्पेलरभोवतीची झिजणारी कडी), इम्पेलर आणि मोटरची दिशा बघायची वेळ आली. पंप उघडायचा तो तेव्हा.

पहिल्या दिवसाचे सगळे आकडे (दोन्ही गेज, अँपिअर, टाकीची पातळी, व्हॉल्व्ह किती उघडा) पंपाजवळच्या पाटीवर ऑइल पेंटने लिहा, फायलीत नाही. शिफ्टचा ऑपरेटर फाइल उघडत नाही, पाटी बघतो. पंप आठवडाभर चालला की थांबवून, लॉक करून तात्पुरता स्ट्रेनर काढा, अलाइनमेंट परत घ्या आणि ग्राउटिंगनंतर लिहून ठेवलेल्या आकड्यांशी ताडून बघा. फरक आला असेल तर मोटरखाली शिम (पातळ पत्रा) घालण्याआधी पंपाचे फ्लँज सोडा आणि पाइप कुठल्या बाजूला सरकतो ते बघा.